बिनतारी वजनकांटा व त्याच्या पोटांतील आज्ञालेख

शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचा हिशेब अखेर कांट्यावर होतो. पीक जोमानें आलें, भावहि बरा मिळाला, तरी मापांत जें हातचें जाईल तें कोणत्याहि खतानें अगर बियाण्यानें भरून येत नाहीं. ह्यास्तव कांट्याची माहिती ही व्यापाऱ्यापेक्षां शेतकऱ्यासच अधिक अगत्याची आहे. आमच्या खापा व सावनेर भागांतील कापूस, संत्रीं, तूर व सोयाबीन हा माल कांट्यावरूनच जातो. आणि हल्लीं बाजारांत जे नवे बिनतारी कांटे मिळूं लागले आहेत, ते आपल्या तोंडावर वजन दाखवून थांबत नाहींत, तर तेंच वजन ब्ल्यूटूथच्या योगानें खरेदीदाराच्या मोबाईलवर पाठवितात व तेथें बिल आपोआप तयार होतें. हे कांटे कसे चालतात, त्यांजवर कोणकोणते दाखले असतात, आणि कोणता दाखला कशाची हमी देतो व कशाची देत नाहीं, हें सभासद बंधूंस समजावें ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

जुन्या तागडींतहि फसवणूक होत असे. पारड्याखालीं लोहचुंबक अगर मेणाचा गोळा चिकटविणें, दांडीचा मध्य सरकविणें, वजन पोखरणें ह्या युक्त्या सर्वांस ठाऊक होत्या. परंतु त्या युक्त्यांस एक मर्यादा होती. त्या डोळ्यांनीं पाहतां येत व हातानें चांचपतां येत. पारड्यांची अदलाबदल करतांच बहुतेक लबाडी उघडी पडे. नव्या कांट्यांत वजन सांगण्याचें काम दांडीकडून निघून एका लेखाकडे गेलें आहे, व तो लेख डोळ्यांस दिसत नाहीं. सर्व अडचण येथें आहे.

कांट्याच्या पोटांत काय असतें

कांट्याच्या फळीखालीं धातूची एक जाड पट्टी असते, तीस लोडसेल म्हणतात. तिच्यावर अतिबारीक धातुतंतूंच्या जाळ्या चिकटविलेल्या असतात. माल ठेविला म्हणजे पट्टी डोळ्यांस न दिसेल इतकी वांकते, जाळ्या ताणल्या अगर दाबल्या जातात, आणि त्यांतून जाणाऱ्या विजेस होणारा अडथळा किंचित् बदलतो. हा बदल मोजून त्याचा आंकडा करणारी एक चिप असते. हा आंकडा म्हणजे वजन नव्हे. ती केवळ कच्ची मोजणी होय. तिच्यावरून वजन काढण्याचें काम दुसरी चिप करिते, आणि तें कसें करावें ह्याच्या आज्ञा तिच्या पोटांत लिहून ठेविलेल्या असतात. यंत्राच्या पोटांत भरून ठेविलेल्या ह्या आज्ञांस फर्मवेअर असें म्हणतात. आम्ही त्यास ह्या लेखांत आज्ञालेख म्हणूं.

एक उदाहरण घेतल्यास हें स्पष्ट होईल. समजा, रिकाम्या कांट्याची कच्ची मोजणी ८,००० आहे, व ५० किलोचें प्रमाणित वजन ठेविल्यावर ती ४,०८,००० होते. फरक ४,००,००० चा. त्यास ५० नें भागिलें असतां दर किलोस ८,००० मोजणी पडते. हा ८,००० चा आंकडा आज्ञालेखांत भाजक म्हणून लिहून ठेवितात. पुढें कोणताहि माल ठेविला कीं, यंत्र कच्च्या मोजणींतून रिकाम्या कांट्याचा आंकडा वजा करितें, बाकीस भाजकानें भागितें व आलेला भागाकार वजन म्हणून दाखवितें.

आतां हाच भाजक कोणी ८,००० चा ८,१६० केला, तर काय होईल? ५० किलोचा माल ४९.०२ किलो दिसेल. लोडसेल तोच, फळी तीच, शिक्काहि तोच. फक्त एक आंकडा बदलला. वीस क्विंटल कापसाचें माप अशा कांट्यावर झालें, तर तो १,९६१ किलो भरेल व सुमारें ३९ किलो कापूस कागदावर न येतां जाईल. क्विंटलास ७,००० रुपये भाव धरिला, तर ही तूट सुमारें २,७४५ रुपयांची होते. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत, एकाहि वस्तूस हात न लावितां, इतकी रक्कम जाऊं शकते.

भाजक बदलतां येण्याची सोय कां ठेवितात

कोणी म्हणेल कीं, कारखान्यांतच भाजक कायमचा कोरून टाकावा म्हणजे प्रश्न मिटला. परंतु तसें करतां येत नाहीं. लोडसेल वर्षानुवर्षें भार सोसून किंचित् बदलतो. शिवाय लोडसेल पदार्थाचा ऐवज मोजीत नसून पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ती ओढ सर्व ठिकाणीं सारखी नाहीं. विषुववृत्ताकडे ती कमी व ध्रुवांकडे अधिक असते. लंडन शहरीं बरोबर जुळविलेला लोडसेलचा कांटा तसाच नागपुरास आणिला, तर ५० किलोचें वजन त्यावर सुमारें ४९.८७ किलो दिसेल. ह्यांत कोणाचीहि लबाडी नाहीं. म्हणून जेथें कांटा वापरावयाचा तेथें प्रमाणित वजनें ठेवून भाजक पुन्हां जुळविण्याची सोय कारागिरास ठेवावीच लागते.

ही सोय दोन प्रकारें ठेवितात. एका प्रकारांत कांट्याच्या पेटींत आंत एक खटका असतो व पेटी तारेनें बांधून तिच्यावर शिक्का मारलेला असतो. शिक्का तोडल्यावांचून खटक्यापर्यंत हात जात नाहीं. दुसऱ्या प्रकारांत बाहेरच्या बटणांवर एक गुप्त आंकडा दाबला कीं तीच सोय उघडते. पहिल्याचें रक्षण शिक्का करितो. दुसऱ्याचें रक्षण केवळ गुप्तता करिते; आणि जें गुपित प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्यास ठाऊक असतें, तें गुपित राहत नाहीं.

बिनतारी दार

ब्ल्यूटूथ हें नांव दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅराल्ड नामक राजाच्या टोपणनांवावरून घेतलें आहे. १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा ह्या पांच कंपन्यांनीं मिळून ह्या विद्येचा संघ स्थापन केला. २०१० सालीं तिचा कमी वीज खाणारा प्रकार निघाला, आणि तेव्हांपासून लहानशा बॅटरीवर दीर्घकाळ चालणारीं उपकरणें सुलभ झालीं. मातींतील ओलावा सांगणारीं यंत्रें, हातांतील घड्याळें व वजनकांटे हीं सर्व ह्याच प्रकारानें मोबाईलशीं बोलतात. ह्या लहरींचीं आंदोलनें दर सेकंदास २४० कोटींहून अधिक असतात, व लहान उपकरणांची हांक साधारणतः दहावीस पावलांपर्यंत, उघड्या मैदानांत त्याहून दूर, ऐकूं जाते.

दोन उपकरणांनीं एकमेकांस ओळखून घेण्यास जोडी जुळविणें म्हणतात. तिच्या अनेक रीति आहेत. एका रीतींत कांहींएक न विचारतां जोडी जुळते. दुसरींत एका उपकरणावर दिसणारा सहा आंकडी अंक दुसऱ्यांत भरावा लागतो. २०१४ सालच्या सुधारणेनंतर किल्ल्यांची देवघेव पूर्वींपेक्षां पुष्कळ सुरक्षित झाली आहे. परंतु कोणती रीत वापरावयाची हें उपकरण बनविणाराच ठरवितो. स्वस्त कांट्यांत सोईसाठीं पुष्कळदां पहिलीच रीत ठेवितात. मग जवळ उभा असलेला कोणीहि मनुष्य आपला मोबाईल त्याशीं जोडूं शकतो.

वजन वाचण्यापुरताच हा संबंध असेल, तर फारसें बिघडत नाहीं. कोणी तिऱ्हाइतानें वजन वाचलें तरी माल कमी होत नाहीं. परंतु वजन बाहेर नेणाऱ्या त्याच वाटेनें भाजक बदलण्याची आज्ञा आंत येऊं शकत असेल, तर अनर्थ ओढवतो. तार शाबूत, शिसें शाबूत, शिक्का शाबूत, आणि दार मात्र उघडें, अशी स्थिति होते. म्हणून बिनतारी कांट्याच्या बाबतींत विचारण्याचा पहिला प्रश्न हाच कीं, ह्या वाटेनें केवळ वजन बाहेर जातें, कीं आज्ञाहि आंत येतात?

आज्ञालेख कसा रचला पाहिजे

चांगला कारागीर आज्ञालेखाचे तीन भाग करितो. पहिला भाग द्वारपालाचा. कांटा चालू करतांच हा भाग पुढील लेखावर कारखानदाराची डिजिटल स्वाक्षरी आहे किंवा नाहीं हें पाहतो. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांतील एक अक्षर जरी मागाहून बदललें तरी स्वाक्षरी जुळत नाहीं. तेंच तत्त्व येथें आहे. स्वाक्षरी न जुळल्यास द्वारपालानें कांटा चालूं देऊं नये.

दुसरा भाग मापनाचा. शून्य धरणें, भाजकानें भागणें, फळी हलत असतां आंकडा स्थिर होईपर्यंत थांबणें, बारदानाचें अगर कॅरेटचें वजन वजा करणें व उत्तर तोंडावर दाखविणें, हीं कामें त्याचीं. तिसरा भाग संवादाचा. मोबाईलशीं बोलणें व पावती छापणें हीं कामें त्याकडे असतात. ह्या तिसऱ्या भागास दुसऱ्याचें उत्तर वाचण्याची मुभा असावी, परंतु त्यांत एक अक्षरहि लिहिण्याची मुभा नसावी.

हा नियम कोणा एकाच्या कल्पनेंतला नाहीं. १९५५ सालीं वैधमापनाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व १९५६ पासून भारत तिचा सभासद आहे. तिनें वजनयंत्रांविषयींच्या २००६ सालच्या शिफारशींत, व आज्ञालेखानें चालणाऱ्या सर्व मापनयंत्रांविषयींच्या २००८ सालच्या ग्रंथांत, हींच तत्त्वें मांडिलीं आहेत. मापास कारण होणारा भाग इतरांपासून निराळा व सुरक्षित ठेवावा. त्या भागास ओळखक्रमांक असावा व तो यंत्रावर पाहतां यावा. आणि त्यांत कोणीं ढवळाढवळ केल्यास त्याचा पुरावा पुढील तपासणीपर्यंत यंत्रांत टिकून राहावा, असें त्यांचें थोडक्यांत तात्पर्य आहे.

ज्यांस महसुली दप्तराची ओळख आहे त्यांस ह्यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. सात-बारावरील नांव बदलावयाचें, तर गांव नमुना सहामध्यें फेरफाराची नोंद व्हावी लागते. त्या नोंदीस अनुक्रमांक पडतो, आणि मधला एखादा क्रमांक कोणास काढून टाकतां येत नाहीं. उत्तम कांट्यांत असाच एक घटना-गणक असतो. भाजकास अगर शून्यास हात लागला कीं त्याचा आंकडा एकानें वाढतो, आणि तो कोणासहि मागें फिरवितां येत नाहीं. शिक्का मारतेवेळीं गणक १४ वर होता व आज तो १६ वर दिसतो, तर मध्यंतरीं दोनदां कोणीं तरी हात घातला हें निर्विवाद ठरतें. शिसें जें काम तारेवर करितें, तेंच काम हा आंकडा लेखावर करितो.

शिक्का आणि सुधारणा यांचा झगडा

येथें एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. शिक्का म्हणतो, आजपासून ह्या यंत्रांत कांहीं बदलूं नका. उलटपक्षीं बिनतारी यंत्राची सुरक्षितता म्हणते, दोष आढळला कीं लेख तत्काळ सुधारा. दोन्ही गोष्टी आपापल्या परी योग्य आहेत.

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. २०२० सालच्या फेब्रुवारींत सिंगापूर येथील एका तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनीं ब्ल्यूटूथच्या अनेक चिपांबरोबर येणाऱ्या तयार आज्ञालेखांतील डझनभर दोष प्रसिद्ध केले. त्या दोषांस त्यांनीं स्वेनटूथ असें नांव दिलें. कांहीं दोषांमुळें जवळचा मनुष्य उपकरण बंद पाडूं शके. एकामुळें जोडी जुळविण्याचा पहाराच चुकवितां येई. ज्यांनीं त्या चिपा घेऊन आपलीं उपकरणें बनविलीं, त्यांनीं स्वतः एकहि चूक केली नव्हती. तरी दोष त्यांच्या उपकरणांत आलाच, आणि तो काढण्यास आज्ञालेख बदलणें हाच मार्ग होता.

सर्व आज्ञालेख एकाच गठ्ठ्यांत असेल, तर अशा वेळीं दोनच वाटा उरतात. एक तर भोंक तसेंच ठेवावयाचें, नाहीं तर शिक्क्यानंतर माप करणारा लेखहि बदलावयाचा. वर सांगितलेली भागांची वांटणी येथें उपयोगीं पडते. संवादाचा भाग निराळा असेल, तर तो स्वाक्षरी पाहून बदलावा. मापनाच्या भागाचा ओळखक्रमांक तोच राहतो व शिक्क्याचा मान राखिला जातो. मापनाचाच भाग बदलावा लागला, तर ओळखक्रमांक बदलेल, गणक वाढेल, आणि निरीक्षकाकडून पुन्हां शिक्का घेतल्यावांचून त्या कांट्यावर व्यवहार होऊं नये. भागांची वांटणी ही कारागिराची हौस नसून सचोटीचा पाया आहे, तो ह्यासाठीं.

दाखला कोणता व हमी कशाची

बिनतारी कांटा विकणारा दुकानदार पुष्कळदां म्हणतो कीं, ह्यास सर्व सर्टिफिकेटें आहेत. हें म्हणणें खरें असलें तरी दाखले निरनिराळ्या गोष्टींचे असतात, व एकाची हमी दुसऱ्यास लागू पडत नाहीं.

पहिला दाखला ब्ल्यूटूथ संघाचा. उपकरण ठरल्या नियमांनीं बोलतें व तें नांव लावण्याचा कारखानदारास अधिकार आहे, एवढेंच तो सांगतो. वजनाविषयीं त्यांत एक अक्षरहि नसतें.

दुसरा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागांतील बिनतारी नियोजन शाखेचा. ब्ल्यूटूथच्या लहरींच्या पट्ट्यास २००५ सालच्या नियमांनीं परवान्यांतून सूट मिळाली, त्यामुळें वापरणाऱ्या शेतकऱ्यास अगर व्यापाऱ्यास परवाना काढावा लागत नाहीं. उपकरणाच्या नमुन्यास मात्र ह्या शाखेची मान्यता लागते. यंत्र नेमलेल्या पट्ट्यांत व नेमलेल्या शक्तीच्या आंत हांक मारतें, इतरांच्या दळणवळणास उपद्रव देत नाहीं, ही त्याची हमी.

तिसरा भारतीय मानक ब्यूरोचा. कांट्याबरोबर विजेचा अॅडॅप्टर येतो, त्यावर ब्यूरोचा नोंदणीक्रमांक पाहावा. विजेचा धक्का व आग ह्यांपासून सुरक्षितता, हा त्याचा विषय.

चौथा व आपल्या दृष्टीनें मुख्य दाखला वैधमापनाचा. १ एप्रिल २०११ पासून अमलांत आलेल्या २००९ च्या वैधमापन कायद्यान्वयें कांट्याच्या प्रत्येक नमुन्यास आधीं केंद्र सरकारची नमुना-मान्यता लागते, व तिचा क्रमांक कांट्याच्या पाटीवर लिहावा लागतो. नमुन्यांच्या परीक्षेसाठीं सरकारच्या विभागीय प्रमाण प्रयोगशाळा आहेत, व त्यांपैकीं एक आपल्या नागपुरासच आहे. २०२३ सालीं भारत आंतरराष्ट्रीय संघटनेचीं प्रमाणपत्रें देण्यास अधिकृत झाला, म्हणजे अशी परीक्षा करण्याची योग्यता आपल्या देशांतच आहे. नमुना मान्य झाल्यावर प्रत्येक कांटा निरीक्षकाकडून पडताळून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक कांट्याचा शिक्का १२ महिने चालतो. लोखंडी वजनांचा २४ महिने.

परंतु हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, वार्षिक शिक्क्याच्या वेळीं निरीक्षक प्रमाणित वजनें ठेवून कांटा पाहतो. पोटांतील आज्ञालेख वाचीत नाहीं. त्या दिवशीं, त्या घटकेस, त्या वजनांवर कांटा खरा होता, इतकेंच शिक्का सांगतो.

परीक्षा ओळखणारें यंत्र

परीक्षेच्या वेळीं सज्जन व एरव्हीं दुर्जन अशीं यंत्रें बनवितां येतात, ह्याचा मोठा दाखला २०१५ सालीं जगापुढें आला. फोक्सवॅगन ह्या जर्मन कंपनीच्या डिझेल मोटारींत असा आज्ञालेख होता कीं, मोटार प्रयोगशाळेंत तपासली जात आहे हें तो ओळखी व तेवढ्यापुरता धूर कमी करी. रस्त्यावर येतांच तो बंधन सैल सोडी. जगभर सुमारें एक कोटी दहा लक्ष मोटारींत हा प्रकार होता. पुण्याजवळ चाकण येथें ह्या कंपनीचा कारखाना आहे. भारतांतहि तिनें त्या वर्षाच्या डिसेंबरांत सुमारें ३ लक्ष २३ हजार मोटारी आज्ञालेख बदलण्यासाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें.

मापाच्या बाबतींतला दाखला त्याहून जवळचा आहे. २०१७ सालच्या एप्रिलांत लखनौ येथें पोलिसांच्या विशेष पथकानें पेट्रोल पंपांवर धाडी घातल्या, तेव्हां पेट्रोल मापणाऱ्या यंत्रांत बसविलेल्या लहान चिपा सांपडल्या. त्या दुरून बटण दाबून चालू-बंद करतां येत. त्याच वर्षीं ठाणे पोलिसांनीं महाराष्ट्रांतहि अनेक पंपांवर अशाच धाडी घातल्या. त्या यंत्रांसहि वार्षिक शिक्क्याचा नियम होताच. तात्पर्य, शिक्का आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाहीं. परीक्षेची वेळ जर यंत्रास अगर यंत्रवाल्यास आधीं कळत असेल, तर ती परीक्षा अर्धीच होय.

आपण काय पाहावें

तिसऱ्या वर्गाचे कांटे व्यापारांत सामान्यतः वापरतात. पाटीवर ‘ई’ ह्या इंग्रजी अक्षरापुढें जो आंकडा असतो, तो कांट्याची पायरी होय. ३०० किलोच्या कांट्यास ती ५० ग्रॅमची असल्यास, २० किलोच्या वजनावर शिक्क्याच्या वेळीं २५ ग्रॅम व चालू वापरांत ५० ग्रॅमपर्यंत, आणि ५० किलोवर अनुक्रमें ५० व १०० ग्रॅमपर्यंत फरक क्षम्य धरितात. ह्यापलीकडील फरक चूक म्हणून सोडून देऊं नये.

परीक्षेच्या चार सोप्या रीति आहेत. त्यांस शिक्का असलेलें २० किलोचें एक लोखंडी वजन पुरेसें होतें.

एक, प्रत्येक खेपेस माल ठेवण्यापूर्वीं कांट्यावर शून्य दिसतें कीं नाहीं हें पाहावें.

दोन, वजन मध्यभागीं व मग चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहावें. उत्तर एका पायरीपेक्षां अधिक चुकूं नये. भाजक दोन टक्क्यांनीं फिरविलेला असेल, तर २० किलोऐवजीं १९.६० दिसेल व लबाडी तत्काळ कळेल.

तीन, माप चालू असतां, अगाऊ न सांगतां, मालाच्या गांठोड्यावरच तें वजन ठेवावें. आंकडा २० किलोनेंच वाढला पाहिजे, व काढतांच पूर्वस्थळीं आला पाहिजे. परीक्षेपुरता सज्जन होणारा कांटा येथें बहुधा सांपडतो, कारण त्यास सांवरण्यास अवसर मिळत नाहीं.

चार, एका पोत्यांतील माल दोन अगर तीन वांटे करून निरनिराळा मोजावा व मग एकत्र मोजावा. ठराविक भारापुढें किलो-अर्धा किलो खाणारा कांटा ह्या बेरजेंत उघडा पडतो. मात्र केवळ ही बेरीज जुळली म्हणून निश्चिंत राहूं नये. भाजकच बदलला असल्यास सर्वच आंकडे सारख्या प्रमाणांत कमी येतात व बेरीज जुळते. म्हणून चारी रीति एकत्र कराव्या.

ह्याखेरीज, मोबाईलवरचा आंकडा कांट्याच्या तोंडावरील आंकड्याशीं प्रत्येक खेपेस ताडून पाहावा. बिनतारी संदेश मध्यें तुटतो, मागचाच आंकडा पुन्हां जातो, अगर मोबाईलवरील प्रोग्राम ग्रॅम सोडून देतो, असे प्रकार होऊं शकतात. वाद पडल्यास कांट्याच्या तोंडावरचा आंकडा प्रमाण धरण्याचा आग्रह असावा, व कांट्याचें तोंड शेतकऱ्याकडे असावें. पावतीवर कांट्याचा क्रमांक, तारीख, एकूण वजन व बारदानाचें वजन हीं निरनिराळीं लिहिलेलीं असावींत. आणखी एक गोष्ट. पाटीवर निराळें लिहिलें नसेल तर असे कांटे शून्याखालीं १० पासून ४० अंश उष्णमानापर्यंतच खरे राहतील असे बेतलेले असतात. आमच्या नागपूर जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हांत ठेविलेली लोखंडी फळी त्याहूनहि तापते. तेव्हां कांटा सावलींत ठेवून घेणें हा शेतकऱ्याचा हट्ट नसून हक्क आहे.

मंडळानें काय करावें

एकट्या शेतकऱ्यास खरेदीदारापुढें वजन घेऊन उभें राहणें संकोचाचें वाटतें, व गरजेच्या दिवसांत तो गप्प बसतो. मंडळानें हें काम हातीं घेतल्यास संकोच उरत नाहीं. शिक्का असलेलीं २० किलोचीं पांच वजनें मंडळानें विकत घ्यावींत, व मापाच्या हंगामांत तीं कोणाहि सभासदास मागतांच मिळावींत. तीं दर २४ महिन्यांनीं न चुकतां पडताळून घ्यावींत. ज्याचें स्वतःचें वजन खोटें, त्यास दुसऱ्याचा कांटा तपासण्याचा अधिकार नाहीं.

त्याचबरोबर एक नोंदवही ठेवावी. गांवांत मापासाठीं येणाऱ्या प्रत्येक कांट्याचा क्रमांक, नमुना-मान्यतेचा क्रमांक, शिक्क्याची मुदत, आज्ञालेखाचा ओळखक्रमांक व घटना-गणकाचा आंकडा तींत लिहावा. पुढल्या खेपेस तोच कांटा आला कीं आंकडे ताडावे. जो कांटा ओळखक्रमांक अगर गणक दाखवूंच शकत नाहीं, त्यापुढें तसें स्पष्ट लिहून ठेवावें. फरक आढळल्यास भांडण न करितां ती नोंद वैधमापनाच्या निरीक्षकाकडे पाठवावी. तारखेची व आंकड्यांची लेखी तक्रार बाजूस सारणें कोणत्याहि कचेरीस कठीण जातें.

मंडळानें स्वतःसाठीं कांटा घेतांनाहि दुकानदारास पुढील प्रश्न लेखी विचारावे. नमुना-मान्यतेचा क्रमांक कोणता? ब्ल्यूटूथच्या वाटेनें भाजक अगर शून्य बदलतां येतें काय? भाजकाचा खटका शिक्क्याच्या आंत आहे कीं बाहेर? जोडी जुळवितांना सहा आंकडी अंक मागितला जातो काय? आज्ञालेख सुधारावा लागल्यास तो स्वाक्षरी पाहून स्वीकारला जातो काय, व मापनाचा भाग निराळा राहतो काय? ज्या कारखानदारानें हें काम सचोटीनें केलें असेल, त्यास उत्तर देण्यास अडचण पडणार नाहीं.

बिनतारी कांटा ही वस्तु स्वतः वाईट नाहीं. नीट रचलेल्या कांट्यावर हातानें आंकडा लिहितांना होणाऱ्या चुका टळतात, पावती जागेवर मिळते, आणि महिन्यानंतरहि कोणता माल किती भरला हें दाखवितां येतें. खरेदीदार सचोटीचा असेल तर त्यासहि असा कांटा हवासा वाटेल, कारण त्याच्यावरील संशय फिटतो. मात्र त्याच्या पोटांतील लेख कोणीं लिहिला, कोणीं तपासला व मागाहून कोणीं बदलला, हें विचारण्याची संवय आपण लाविली पाहिजे. सात-बाराचा उतारा आपण वाचून घेतों, तसाच कांट्याचा आंकडाहि वाचून घ्यावा. येत्या कापसाच्या हंगामापूर्वीं वजनें व नोंदवही ह्या दोन गोष्टींची तरतूद मंडळानें करावी, अशी सर्व सभासदांस विनंति आहे.